खिशातील संगीत आणि दारावरचा पहारेकरी

समीक्षा ही कविता-कादंबऱ्यांचीच करावयाची असते, असा आपल्याकडे एक रूढ समज आहे. फार तर नाटक-चित्रपटांपर्यंत तिची मजल जाते. परंतु माणसाने माणसासाठी जाणीवपूर्वक घडविलेल्या कोणत्याही वस्तूला आशय असतो, रचना असते, आणि ती वस्तू वापरणाऱ्याविषयी तिच्या कर्त्याचे काहीएक मतही तिच्यात दडलेले असते. घराची रचना पाहून तेथे पाहुण्याचे स्वागत होते की त्याला अंगणातच उभे केले जाते, हे जसे कळते, तसेच यंत्राचेही आहे. या दृष्टीने खिशात मावणारी संगीत-उपकरणे आणि त्यांच्यात संगणकावरून गाणी भरणाऱ्या आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, यांचा विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही उपकरणे आता बाजारातून जवळपास गेली आहेत. मोबाइल फोनने त्यांना गिळून टाकले. मात्र बाजारातून गेलेली वस्तू घरातून जातेच असे नाही. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत, परदेशी नोकरी केलेल्या मुलाने आणलेला आयपॉड अथवा तसेच एखादे यंत्र कपाटाच्या खणात चार्जरच्या वायरींसह पडलेले असेल. त्यात कोणाची तरी वीस वर्षांपूर्वीची आवड जपलेली आहे. क्वचित कोणाचा तरी आवाजही. तो खण उघडण्यापूर्वी या वस्तूंचा स्वभाव समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

या उपकरणांवर पुष्कळ लिहिले गेले, पण बहुतेक लेखन त्यांच्या देखणेपणाविषयी, वजनाविषयी आणि ध्वनीच्या गुणवत्तेविषयी आहे. संगणक आणि उपकरण यांच्यामध्ये उभ्या असलेल्या आज्ञावलीकडे समीक्षकांनी एक तांत्रिक सोय म्हणूनच पाहिले. माझ्या मते या साऱ्या निर्मितीचे चारित्र्य त्या मधल्या दुव्यातच प्रकट होते. मराठीत ‘ने-आण’ हा एक सुंदर जोडशब्द आहे. वाहतुकीला दोन दिशा असतात, हे तो सहज सांगून जातो. या आज्ञावलींना तोच निकष लावून पाहावा. संगीत नेण्याची सोय कशी आहे? आणण्याची सोय आहे का? आणि यंत्राचा कर्ता बाजारातून निघून गेला, तर मालकाच्या हाती काय उरते?

कॅसेटचा वारसा

तुलनेसाठी आधी कॅसेट डोळ्यांपुढे आणली पाहिजे. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट आणली आणि १ जुलै १९७९ रोजी सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये विक्रीस आला. आपल्या घरांत आलेले टू-इन-वन आणि पुढे दोन कॅसेटींचे डबल डेक ही त्याच कुळातली यंत्रे. कॅसेटच्या जगात मध्यस्थ नव्हता. एका कप्प्यात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी कॅसेट. बटण दाबले की नक्कल तयार. लग्नातली गाणी असोत वा आजीची ओवी, ज्याने ध्वनिमुद्रण केले त्याला त्याची प्रत काढण्यासाठी कोणाला विचारावे लागत नसे. मात्र प्रत्येक नकलेबरोबर खरखर वाढे आणि आवाज मंद होई. ही झीज हेच नकलेवरचे नैसर्गिक बंधन होते.

अंकीय ध्वनिमुद्रणाने, म्हणजे डिजिटल पद्धतीने, ही झीज संपविली. हजारावी प्रतही पहिल्या प्रतीइतकीच स्वच्छ राहू लागली. ऐकणाऱ्याला हे वरदान वाटले. ध्वनिमुद्रिका विकणाऱ्या कंपन्यांना त्यात आपले मरण दिसले. अमेरिकेत १९९२ मध्ये या प्रश्नावर कायदा झाला. घरगुती अंकीय ध्वनिमुद्रण-यंत्रांनी नकलेची नक्कल काढू देता कामा नये, असे बंधन त्याने घातले. निसर्गाने केलेली झीज गेली आणि तिच्या जागी माणसाने बसविलेला पहारा आला. पुढची सारी कथा या पहाऱ्याची आहे.

पहिला दरवाजा

एमपी३ हे आज सर्वांच्या ओळखीचे नाव जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधनातून आले. माणसाच्या कानाला जे ऐकू येत नाही ते वगळायचे आणि ध्वनीची नोंद सुमारे दहाव्या-बाराव्या हिश्श्यावर आणायची, हे त्यामागचे तत्त्व. त्यामुळे गाणे संगणकावर सहज मावू लागले. १९९८ मध्ये डायमंड कंपनीचे ‘रिओ पीएमपी३००’ हे उपकरण अमेरिकेच्या बाजारात आले. त्याची स्मृती अवघी ३२ मेगाबाइट, म्हणजे बऱ्यापैकी दर्जाच्या संगीताचा जेमतेम अर्धा तास. संगणकाला प्रिंटर जोडण्याच्या खोबणीतून त्यात गाणी भरावी लागत.

एवढ्याशा यंत्राविरुद्ध ध्वनिमुद्रिका-कंपन्यांची संघटना ऑक्टोबर १९९८ मध्ये न्यायालयात गेली. जून १९९९ मध्ये अपील न्यायालयाने निकाल उपकरणाच्या बाजूने दिला. आपल्याजवळ असलेले संगीत संगणकावरून खिशातील यंत्रात नेणे ही केवळ जागेची अदलाबदल आहे, तो वैयक्तिक उपयोग आहे आणि १९९२ च्या कायद्याच्या हेतूशी सुसंगत आहे, असे न्यायालयाने म्हटले. अशा सर्व यंत्रांचा मार्ग या निकालाने मोकळा झाला.

या निकालातील आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. रिओमध्ये भरलेली फाइल परत संगणकावर पाठविता येत नाही, याचीही न्यायालयाने नोंद घेतली होती. पहिल्या यशस्वी उपकरणापासूनच ‘ने’ होती, ‘आण’ नव्हती. न्यायालयात जिंकलेल्या यंत्राचा हा गुण पुढच्या निर्मात्यांना सुरक्षित वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

मिनिडिस्क : उत्तम यंत्र, संशयी आज्ञावली

सोनीची मिनिडिस्क १९९२ मध्ये आली. सुमारे सात सेंटीमीटरच्या चौकोनी आवरणात बंद असलेली ही छोटी तबकडी यंत्रशिल्पाचा सुरेख नमुना होती. लेझर किरणाने तबकडीचा सूक्ष्म बिंदू तापवायचा आणि त्याच क्षणी चुंबकाने त्यावर नोंद करायची, अशी तिची रीत. ७४ मिनिटांचे संगीत तिच्यात मावे आणि पुन:पुन्हा पुसून लिहिता येई. त्याहून मोठा आनंद संपादनाचा होता. गाणे मध्येच तोडावे, दोन तुकडे जोडावेत, क्रम बदलावा, प्रत्येकाला नाव द्यावे, आणि हे सारे संगणकाशिवाय, तळहातावरच्या यंत्रावर. रेडिओ-केंद्रांच्या बातमीदारांनी आणि मैफली टिपणाऱ्या हौशी मंडळींनी तिला आपलेसे केले, ते उगीच नव्हे. ऐकणारा हा स्वत:ही काही करू इच्छिणारा माणूस आहे, यावर या यंत्राचा विश्वास होता.

२००१ मध्ये ‘नेटएमडी’ हा तिचा नवा अवतार आला. यूएसबीच्या वायरीने संगणकावरून तबकडीवर गाणी जलद भरता येऊ लागली. त्यासाठी आधी ‘ओपनएमजी ज्यूकबॉक्स’ आणि नंतर ‘सॉनिकस्टेज’ ही आज्ञावली वापरणे भाग होते. येथे त्याच कर्त्याचा सूर एकदम बदलतो. संगणकावर घेतलेले गाणे कुलूपबंद होई आणि त्या एका संगणकाशी बांधले जाई. ते तबकडीवर पाठविणे म्हणजे ग्रंथालयातून पुस्तक नेण्यासारखे होते. असे ते तीनदाच नेता येई. चौथ्यांदा हवे असेल, तर पूर्वी नेलेली एखादी तबकडी त्याच संगणकाला जोडून गाणे ‘जमा’ करावे लागे. संगणक बिघडला तर हा जमाखर्चही बुडे. ग्रंथालयाची ही रीत परक्याच्या पुस्तकांना शोभते. येथे पुस्तके वाचकाने स्वत: विकत घेतलेली होती आणि कपाटही त्याच्याच घरचे होते.

दुसरा दोष याहून गंभीर होता. मायक्रोफोन लावून मिनिडिस्कवर स्वत: केलेले ध्वनिमुद्रण नेटएमडीच्या वायरीतून संगणकावर आणता येत नसे. वायर तीच, यंत्र तेच, पण उलट्या दिशेने दार बंद. कोणी आपल्या वृद्ध आईचा आवाज तासभर टिपला असेल, तर कानाला लावायच्या हेडफोनच्या खोबणीतून दुसरी वायर संगणकात घालून, तो तासभराचा आवाज पुन्हा तासभर वाजवून नव्याने टिपून घ्यावा लागे. आईच्या आवाजावर कोणत्या ध्वनिमुद्रिका-कंपनीचा हक्क होता? तरीही पहारेकऱ्याने तिला चोरांच्या रांगेत उभे केले. कारण चोर आणि मालक यांत भेद करण्याची त्याला शिकवणच नव्हती. २००४ च्या ‘हाय-एमडी’ने स्वत:चे ध्वनिमुद्रण बाहेर आणण्याची मुभा दिली, पण ती नव्या पद्धतीने केलेल्या नोंदींपुरती. जुन्या तबकड्यांवरचे आवाज सरळ संगणकावर आणू देणारे ‘एमझेड-आरएच१’ हे यंत्र २००६ मध्ये आले. मिनिडिस्क जन्मून तोवर चौदा वर्षे लोटली होती.

असे का घडले, याचे एक कारण सोनीच्या घरातच होते. १९८८ मध्ये सोनीने अमेरिकेतील सीबीएस रेकॉर्ड्स ही मोठी ध्वनिमुद्रिका-कंपनी विकत घेतली. एका हाताने यंत्रे करावीत आणि दुसऱ्या हाताने गाणी विकावीत, अशी तिची स्थिती झाली, आणि दुसरा हात पहिल्याला आवरू लागला. इतिहासाचा विरोध असा की, घरी व्हिडिओ-मुद्रण करण्याचा सामान्य माणसाचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९८४ मध्ये राखला गेला, तो याच सोनीने लढविलेल्या खटल्यात. रिओचा निकाल देताना न्यायालयाने त्याच खटल्याचा आधार घेतला होता. ज्याने दार उघडून घेतले, त्यानेच पुढे त्याला कडी घातली. २००४ मध्ये आलेला सोनीचा हार्ड डिस्कवाला वॉकमन तर एमपी३ फाइल जशीच्या तशी वाजवीतच नव्हता. आधी सॉनिकस्टेज तिचे सोनीच्या स्वत:च्या पद्धतीत रूपांतर करी, मगच ती आत जाई. साऱ्या जगाची गाणी एमपी३त असताना घेतलेला हा आग्रह सोनीला महागात पडला. पुढे तो सोडावा लागला, पण तोवर श्रोता दुसऱ्या दुकानात गेला होता.

आयपॉड आणि आयट्यून्स : गोड बोलणारा द्वारपाल

ते दुकान ॲपलचे होते. २३ ऑक्टोबर २००१ रोजी आयपॉड जाहीर झाला. पाच गिगाबाइटची, १.८ इंची छोटी हार्ड डिस्क, बोट फिरवून गाणे निवडण्याचे चक्र, आणि हजार गाणी खिशात बाळगण्याचे आश्वासन. किंमत ३९९ डॉलर. फायरवायर या वेगवान जोडणीमुळे ती हजार गाणी दहा मिनिटांच्या आत भरली जातील, असे कंपनीने सांगितले होते. आयट्यून्स ही आज्ञावली त्याच वर्षीच्या जानेवारीत आली होती. विंडोज वापरणाऱ्यांना ती मिळाली ऑक्टोबर २००३ मध्ये.

आयट्यून्सचे गुण मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. सीडी घातली की ती गाणी संगणकावर उतरवून घेई, इंटरनेटवरील सूचीवरून गाण्यांची व गायकांची नावे आपोआप लिही आणि सारा संग्रह नीट लावून ठेवी. संगणकाची भीती वाटणाऱ्या माणसालाही वायर जोडण्यापलीकडे काही करावे लागत नसे. उपकरणावर काय असावे हे संगणकावर ठरवायचे आणि उपकरणाने निमूट त्याप्रमाणे व्हायचे, ही कल्पना रचनेच्या दृष्टीने साधी, सुसंगत आणि सुंदर होती. सॉनिकस्टेजने मालकाला प्रत्येक पावलावर हटकले. आयट्यून्सने त्याचे हसतमुखाने स्वागत केले. लोकप्रियतेचे रहस्य यातच आहे, आणि समीक्षकाने लोकप्रियतेला नाक मुरडण्याचे कारण नाही.

परंतु या सुसंगत रचनेतही दार एकाच बाजूने उघडत होते. आयपॉड एका संग्रहाशी बांधलेला असे. तो दुसऱ्या संगणकाला जोडला की आज्ञावली विचारी, ‘यावरील सारे पुसून या संगणकावरील संग्रह भरू का?’ प्रश्न नम्र होता. पण घाईत ‘हो’ म्हणणाऱ्याचा आयपॉड काही क्षणांत रिकामा होई. गाणी उपकरणात लपविलेल्या फोल्डरमध्ये ठेवलेली असत आणि पुढच्या काळात त्यांच्या फाइलींना चार अक्षरांची निरर्थक नावे दिलेली असत. खरी नावे व क्रम एका वेगळ्या नोंदवहीत राहत आणि ती वही वाचण्याचे काम आयट्यून्सचे. उपकरण विकत घेणाऱ्याला आपल्याच कोठीची यादी वाचता येऊ नये, अशी ही योजना होती.

यातील एक तपशील मला फार बोलका वाटतो. कोणते गाणे किती वेळा ऐकले, शेवटचे कधी ऐकले, त्याला किती तारे दिले, ही माहिती आयपॉडवरून संगणकावर परत येत असे. म्हणजे परतीची वाट तांत्रिकदृष्ट्या अशक्य नव्हती. आवडीची नोंद त्या वाटेने येऊ शके. आवडीचे गाणे मात्र येऊ शकत नसे.

सप्टेंबर २००६ मध्ये आयट्यून्सच्या सातव्या आवृत्तीत परतीचे दार थोडे किलकिले झाले. आयट्यून्सच्या दुकानातून विकत घेतलेली गाणी आयपॉडवरून आपल्या अधिकृत केलेल्या दुसऱ्या संगणकावर नेता येऊ लागली. स्वत:च्या सीडीवरून घेतलेली गाणी मात्र नाहीत. आता स्टीव्ह जॉब्झ यांनी स्वत: फेब्रुवारी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणातील आकडे पाहावेत. तोवर विकलेल्या प्रत्येक आयपॉडमागे त्या दुकानातून सरासरी २२ गाणी विकली गेली होती आणि सर्वसाधारण आयपॉडवरील संगीतात त्यांचे प्रमाण तीन टक्क्यांहून कमी होते. ध्वनिमुद्रिका-कंपन्यांनी कुलपाचा हट्ट सोडावा, हे पटविण्यासाठी त्यांनी हे आकडे दिले होते, आणि तो मुद्दा रास्तच होता. जानेवारी २००९ मध्ये त्या दुकानातील गाण्यांवरची कुलुपे काढण्याची घोषणाही झाली. पण त्याच आकड्यांनी परतीच्या दाराचे मोजमाप केले, तर निष्कर्ष उघड आहे. सरासरीने पाहता, संग्रहाच्या तीन टक्क्यांहून कमी भागाला परतीचा परवाना होता. उरलेला संग्रह, जो बहुधा श्रोत्याने आपल्या सीडींवरून वा अन्य मार्गांनी जमविलेला होता, तो आत अडकलेला होता.

चोरीचा आक्षेप

यावर एक सबळ आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. ‘अन्य मार्गांनी’ या दोन शब्दांत पुष्कळ काही दडले आहे. नॅपस्टर ही सेवा १९९९ ते २००१ या काळात चालली आणि तिच्याद्वारे कोट्यवधी गाण्यांच्या फुकट नकला झाल्या. गाणाऱ्याचे, वाजविणाऱ्याचे, शब्द लिहिणाऱ्याचे पोट या नकलांनी मारले गेले. आयपॉडवरून गाणी मुक्तपणे काढता आली असती, तर एक आयपॉड साऱ्या वर्गात फिरला असता आणि सायंकाळपर्यंत प्रत्येकाच्या संगणकावर तोच संग्रह झाला असता. पहारेकरी ठेवला, तो उगाच नव्हे, असे निर्मात्यांचे म्हणणे आहे.

कलावंताच्या मोबदल्याचा हा आग्रह मला पूर्णत: मान्य आहे. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजलेली असते, हे आपण मुलांना शिकविलेच पाहिजे. प्रश्न असा आहे की, या पहाऱ्याने चोरी थांबली काय? आयपॉडमधून गाणी बाहेर काढून देणाऱ्या आज्ञावली लवकरच कित्येक जणांनी लिहिल्या. ज्याला चोरीच करायची होती, त्याला इंटरनेटचा महामार्ग मोकळाच होता. आयपॉडची अरुंद गल्ली त्याला हवी होती कशाला? अडला तो ज्याचा संगणक बिघडला, ज्याच्या सीडी पुरात वा स्थलांतरात गेल्या, आणि ज्याचा उरलेला एकमेव संग्रह आयपॉडमध्ये होता. ज्या नियमाचा भार प्रामाणिकाला सोसावा लागतो आणि अप्रामाणिकाला त्याची जाणीवही होत नाही, तो नियम हेतूने चांगला असला तरी रचनेने सदोष आहे.

कुलपांवर सारा भरवसा ठेवणाऱ्या व्यवस्थेत आणखी एक धोका असतो. कुलूप लावणाराच गाव सोडून गेला तर? मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये अनेक कंपन्यांच्या उपकरणांसाठी एक समाईक व्यवस्था आणली आणि तिच्या नावातच गाणे हमखास वाजेल असे वचन होते. २००६ मध्ये त्याच मायक्रोसॉफ्टने स्वत:चे ‘झून’ उपकरण काढले, आणि त्यावर त्या व्यवस्थेतली गाणी वाजत नव्हती. त्याच वर्षी तिचे एमएसएन म्युझिक हे दुकानही बंद झाले. ऑगस्ट २००८ नंतर नव्या संगणकाला किल्ली मिळणार नाही, असे ग्राहकांना कळविण्यात आले. ओरड झाल्यावर ही मुदत २०११ पर्यंत वाढविली गेली. रीतसर पैसे मोजणाऱ्यांच्याच वाट्याला हे आले.

उघड्या दाराची साधी यंत्रे

या झगमगाटात काही उपकरणे अशीही होती, की ज्यांच्यासोबत कोणत्याही आज्ञावलीची सक्ती नव्हती. संगणकाला जोडली की ती साध्या डिस्कप्रमाणे दिसत. फाइली उचलाव्या आणि त्यांत ठेवाव्या. हव्या तेव्हा त्याच रीतीने परत घ्याव्या. दक्षिण कोरियाच्या आयरिव्हर कंपनीची एच-१०० मालिकेतील यंत्रे याचे उत्तम उदाहरण होत. त्यांत ध्वनिमुद्रणाचीही सोय होती आणि केलेले ध्वनिमुद्रण एक सामान्य फाइल म्हणून संगणकावर उतरविता येई. जे काम मिनिडिस्कच्या मालकाला तासभर खोळंबून करावे लागे, ते येथे मिनिटाभरात होई.

या यंत्रांचे दोषही सांगितले पाहिजेत. नावे लिहिण्याची, क्रम लावण्याची सारी जबाबदारी मालकावर पडे. आळशी माणसाचा संग्रह अडगळीच्या खोलीसारखा होई. आयट्यून्सची टापटीप येथे नव्हती. पण अडगळीच्या खोलीची किल्ली मालकाच्या कनवटीला होती, आणि माझ्या तराजूत हे पारडे जड आहे.

याच वृत्तीचा एक सामुदायिक प्रयत्नही उल्लेखनीय आहे. स्वीडनमधील काही प्रोग्रामरांनी २००१ च्या अखेरीस आर्कोस कंपनीच्या उपकरणासाठी ‘रॉकबॉक्स’ ही मुक्त आज्ञावली लिहावयास घेतली. पुढे ती अनेक कंपन्यांच्या उपकरणांवर, आयपॉडच्या कित्येक आवृत्त्यांवरही, चालू लागली. ती घातलेल्या आयपॉडला आयट्यून्सची गरज उरत नाही. तोही साध्या डिस्कसारखा वागू लागतो.

काळाची परीक्षा

वाङ्मयकृतीचा खरा कस काळ लावतो, असे आपण म्हणतो. यंत्रालाही हे लागू आहे. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या मिनिडिस्कचे उत्पादन थांबविले. सॉनिकस्टेजचा विकास तर त्याआधीच थांबला होता. शेवटचा आयपॉड, म्हणजे आयपॉड टच, मे २०२२ मध्ये बंद झाल्याचे जाहीर झाले. मॅक संगणकांवरून २०१९ मध्ये आयट्यून्स गेले, आणि आयपॉड जुळविण्याचे काम फाइली दाखविणाऱ्या फाइंडरकडे आले. पहिल्या आयपॉडांना लागणारी फायरवायरची खोबण नव्या संगणकांवर नसते. द्वारपाल गेले, दारे तशीच बंद राहिली.

ती उघडली हौशी लोकांनी. नेटएमडी यंत्राशी थेट बोलणारी आणि ब्राउझरमध्ये चालणारी साधने त्यांनी तयार केली व विनामूल्य दिली. कंपनीने जी मुभा दिली नाही, ती परक्यांनी निष्ठेने मिळवून दिली. उलट साध्या डिस्कसारखी वागणारी यंत्रे आजच्या संगणकालाही वायर जोडताच ओळखतात. ज्यांनी मालकावर सर्वांत कमी हुकमत गाजविली, तीच सर्वांत अधिक टिकली.

आता खणातल्या त्या आयपॉडकडे वळू. त्याची घाईने जुळवणी करू नये. विंडोजवर आयट्यून्स उघडून, शिफ्ट व कंट्रोल ही दोन बटणे दाबून धरून तो जोडावा, म्हणजे आपोआप होणारी जुळवणी थांबते. मॅकवर त्यासाठी कमांड व ऑप्शन ही बटणे आहेत. पुसण्याविषयी विचारले गेल्यास ‘नाही’ म्हणावे. डिस्क म्हणून वापरण्याची मुभा त्याच्या मांडणीत असते, ती द्यावी. मग संगणकाला लपविलेली फोल्डरे दाखविण्यास सांगून ‘म्युझिक’ नावाचे फोल्डर जसेच्या तसे उतरवून घ्यावे. फाइलींची नावे निरर्थक दिसली, तरी घाबरू नये. गाण्याचे व गायकाचे नाव बहुधा फाइलीच्या पोटातच लिहिलेले असते, आणि संगीत वाजविणारी कोणतीही आज्ञावली ते वाचू शकते. हे काम पुढे ढकलू नये. जुन्या बॅटऱ्या फुगतात आणि छोट्या हार्ड डिस्क एके दिवशी निमूट बंद पडतात. कायद्याची भीती वाटत असेल, तर भारतीय कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला न्याय्य वापर ध्वनिमुद्रणांनाही लागू आहे, हे ध्यानात ठेवावे. मात्र ती सवलत वाटपासाठी नाही.

आजच्या पिढीला हा सारा खटाटोप अनाठायी वाटेल. महिन्याचे पैसे भरले की कोट्यवधी गाणी फोनवर हजर होतात. नेणे नाही, आणणेही नाही. सोय मोठी आहे, हे खरे. पण वर्गणी थांबली की संग्रहही थांबतो, आणि कंपनीने एखादे गाणे काढून घेतले की ते आपल्याकडूनही जाते. बंद दाराच्या का होईना, पण आपल्या घरातल्या कोठीकडून आपण कोठीच नसलेल्या घराकडे आलो आहोत.

म्हणून यापुढे असे कोणतेही यंत्र वा सेवा घेताना, त्यात काय काय भरता येते याबरोबरच, त्यातून काय परत घेता येते, हेही विक्रेत्याला विचारावे. विशेषत: घरातल्या वडीलधाऱ्यांचे आवाज, लग्नातली गाणी, मुलांचे बोबडे बोल ज्या यंत्रात ठेवायचे आहेत, त्याच्याबाबत हा प्रश्न विचारल्यावाचून राहू नये. गाणे पुन्हा विकत मिळू शकते. तो आवाज मिळत नाही.